एक इंचाची खिडकी

मित्रांनो, माझे अंग काडेपेटीएवढे आहे. तीन पितळी पत्रे बिजागरीने जोडलेले. घडी उलगडली की मी एखाद्या बुटक्या खुर्चीसारखा उभा राहतो. वर काच, मागे पाठ आणि खाली चौकोनी पाय. त्या पायात बरोबर एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशी खिडकी कापलेली आहे. कापडावर ठेवून तेवढ्या जागेतले धागे मोजायचे, यासाठी मला बनवले. आता मी बराच जुना झालो आहे. पण आज तुम्हाला मी धाग्यांविषयी सांगणार नाही. मला सांगायचे आहे कोरड्या, खाजणाऱ्या हातांविषयी. त्या हातांसाठी योग्य क्रीम निवडताना एका बाईची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि त्या चुकीत माझाही वाटा होता.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी लागणारी उपकरणे गल्लोगल्ली बनतात. एका वयस्कर कारागिराने माझी काच आधी जाड भुकटीवर, मग बारीक भुकटीवर आणि शेवटी ओल्या मऊ कापडावर घासली. घासून झाल्यावर त्याने माझ्यातून पहिल्यांदा पाहिला तो स्वतःचा अंगठा. अंगठ्यावरच्या भेगांमध्ये पांढरी भुकटी जाऊन बसली होती. तो स्वतःशीच हसला आणि त्याने मला डबीत ठेवले. मी पाहिलेली पहिली त्वचा ती.

तिथून मी पानिपतला आलो, बळवंतरावांच्या खिशात. ते केंद्र सरकारच्या खात्यात हातमागाच्या कापडाचे तपासनीस होते. पानिपतात मराठी माणूस भेटला की लोक हटकून लढाईचा विषय काढत. बळवंतराव म्हणत, "ती लढाई झाली, आता मला धागे मोजू द्या." मग ते चादरीवर मला उभे करत, डोळा काचेला लावत आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत. उभे किती, आडवे किती. एक विणकर त्यांना म्हणायचा, "साहब, आपके शीशे में हमारी कमाई नहीं, हमारी नीयत दिखती है." मला ते ऐकून फार बरे वाटे. तीस वर्षांत माझी काच एकदाही खोटे बोलली नाही, असे बळवंतराव सगळ्यांना सांगत.

पुढे ते निवृत्त झाले. मुलाच्या घरी, दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले. ते क्वार्टर त्यांच्या सुनेला, सुमित्राबाईंना, मिळालेले होते. मुलगा बदलीवर भोपाळला. मी एका ड्रॉवरमध्ये गेलो. शेजारी एक बिघडलेला थर्मामीटर आणि कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या तीन किल्ल्या. त्या ड्रॉवरमध्ये मी चौदा वर्षे काढली. ज्याचे काम पाहण्याचे, त्याला अंधारात ठेवले तर कसे वाटत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

मला बाहेर काढले ते बळवंतरावांच्या नातीने, स्वरूपाने. तिने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आणि मानेसरला गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. एक वर्ष शिकाऊ म्हणून काम करायचे, आणि फेब्रुवारीअखेर साहेबांचे मत चांगले पडले तर कायम व्हायचे, असे ठरले होते. रोज सकाळी ती मेट्रोने गुरुग्रामला जाई आणि तिथून कंपनीच्या बसने मानेसरला. बंपरवर राखाडी रंगाचा पहिला थर चढला की त्यावर धुळीचा कण राहिला आहे का, हे तिला पाहावे लागे, शंका येईल तिथे भिंग टेकवून. कारखान्यातले भिंग ओरखडे पडून निकामी झाले होते.

"आजोबा, तुमचं ते धागे मोजायचं भिंग नेऊ का?" तिने विचारले.

"ने की," बळवंतराव म्हणाले. "ड्रॉवरमध्ये पडून त्याला मोतीबिंदू व्हायची वेळ आलीय."

पुन्हा कामावर जाताना मला झालेला आनंद मी कसा सांगू? रंगवलेल्या बंपरवर एक धागाही नव्हता, पण पाहण्यासारखे केवढे तरी होते. स्वरूपाला प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असे. तिच्याकडे एक वही होती. पडलेला प्रश्न ती डाव्या पानावर लिही आणि उत्तर मिळाले की उजव्या पानावर. डावी पाने नेहमी पुढे असत.

डिसेंबरात तिच्या हातांना खाज सुटू लागली.

आधी बोटांच्या पेरांवर, मग हाताच्या पाठीवर. बसमध्ये ती हात मांडीखाली दाबून बसे. एका रविवारी उन्हात बसून तिने मला स्वतःच्या हातावर उभे केले, आणि आम्ही दोघेही बघतच राहिलो. निरोगी त्वचेवर बारीक रेघांचे एक जाळे असते, जवळजवळ विणलेल्या कापडासारखे. स्वरूपाच्या हातावरचे जाळे तडकले होते. तळे आटल्यावर चिखलाचे तुकडे कडांनी वर उचलले जातात, तशा पापुद्र्यांच्या कडा उचलल्या गेल्या होत्या, आणि मधल्या फटी लाल झाल्या होत्या.

"आजोबा, बघा ना. हे धागे उसवलेत."

बळवंतरावांनी पाहिले. "उभेही गेलेत आणि आडवेही," ते गंभीरपणे म्हणाले.

"अगं, खोबरेल लाव," सुमित्राबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "आम्ही दुसरं काय लावत होतो?"

"आई, ते बाटलीतून बाहेर आलं तर लावीन. दगड झालाय त्याचा."

मग क्रीम निवडण्याचा उद्योग सुरू झाला. तो मला फारच आवडला, कारण ट्यूबवरची घटकांची यादी इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की माझ्यावाचून ती वाचणे कठीण. पहिले आले गुलाबी बाटलीतले लोशन. त्याला बागेसारखा वास होता. ते लावले की हात दहा मिनिटे गार वाटत, मग चुरचुरत. आम्ही यादी वाचली. सर्वांत आधी पाणी, आणि शेवटाकडे एकच मोघम शब्द, सुगंध. तो सुगंध कशाकशाचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. स्वरूपाने डाव्या पानावर लिहिले, "जे नावानिशी सांगत नाहीत, ते का लावायचं?"

दुसरे क्रीम युरियाचे. टाचांच्या जाड, राठ कातडीला ते चांगले, पण तिच्या हातावरच्या ताज्या भेगांत ते असे झोंबले की ती नळाखाली हात धरून नाचली. तिसरी ट्यूब मात्र गुणाची निघाली. चार दिवसांत भेगा मिटू लागल्या. पाचव्या दिवशी, कारखान्यात शिरताना, तिला रंगखात्याच्या दारावरची पाटी आठवली. सिलिकॉन असलेली क्रीम, तेले आणि अत्तरे लावून आत यायला बंदी. घरी येऊन तिने मला ट्यूबवर धरले आणि यादीतल्या चौथ्या नावावर तिचे बोट थांबले.

"डायमेथिकोन. अरे यार! हे सिलिकॉनच आहे."

"मग? बरं वाटतंय ना त्याने?" सुमित्राबाईंनी विचारले.

"त्वचेवर छान पातळ पडदा धरतं ते, म्हणूनच बरं वाटतं. पण त्याचा अंश जरी बंपरला लागला तरी रंग तिथे टिकत नाही. दूर सरकतो. बिल्कुल चालणार नाही."

तिने ती ट्यूब बाजूला ठेवली. त्या क्षणी तिच्या हातांकडे पाहून मलाच वाईट वाटले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावले. लोशनमध्ये बहुतेक पाणीच असते, ते उडून जाते. क्रीममध्ये तेलकट भाग जास्त आणि मलमात त्याहूनही जास्त. दिल्लीच्या थंडीत, दिवसातून दहा वेळा साबणाने हात धुणाऱ्या मुलीला घट्ट क्रीमच हवे, तेही बिनवासाचे. आंघोळीचे पाणी कोमट ठेवायचे, कढत नाही. क्रीम लावायचे ते हात टिपल्यावर लगेच, ते थोडे ओलसर असतानाच.

"ओलसर असतानाच का?" स्वरूपाने विचारले.

"पाणी आत आहे तोवर दार लावून घ्यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य उजव्या पानावर गेले.

मग औषधांच्या दुकानात आम्ही सहा डब्या पालथ्या घातल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, "मैडम, क्रीम लेनी है या पीएचडी करनी है?" अखेर एक सापडले. ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, वास नाही, सिलिकॉन नाही. कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख दहियाजी होते. त्यांनी डबी फिरवून पाहिली, यादी वाचली आणि मान डोलावली. "यह ठीक है. पर लगाना बाहर, अंदर दस्ताने."

त्या दिवसापासून स्वरूपाच्या पाऊचमध्ये आम्ही दोघे शेजारी राहू लागलो, ती डबी आणि मी. गुरुग्रामच्या बसमध्ये ती हातांवर क्रीम लावी आणि डबी आत टाकी. कारखान्यात पोचल्यावर हात धुऊन हातमोजे घाली, स्वच्छ कापडाने माझी काच पुसे आणि कामाला लागे. माझी काच ती रोज पुसत असे, मित्रांनो. माझे पाय तिने कधी पुसले नाहीत.

वहीत ती रोज खाजेला शून्य ते दहा असा आकडा देई. सात, सात, सहा, सहा, पाच. हळूहळू उतार होता. संक्रांतीनंतर मात्र आकडा एकदम दोनवर आला, आणि दुसऱ्या दिवशी एकवर. दोनच्या आकड्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढले, पण बरे वाटत असताना प्रश्नाच्या मागे कोण लागते? तिनेही तो तसाच सोडला.

त्याच आठवड्यात बंपर बिघडू लागले.

भट्टीतून बाहेर आलेल्या लाल, चकचकीत बंपरवर मोहरीएवढे खड्डे दिसत. प्रत्येक खड्ड्याभोवती उंच गोल कडा, आणि तळाशी खालचा राखाडी थर उघडा. कारखान्यात त्याला 'मछली की आँख' म्हणत. शंभरात दोन-तीन बंपर, पण रोज. दहियाजींनी हवेचे नळ तपासले, रंगाचे डबे बदलले, गाळण्या बदलल्या. खड्डे थांबेनात. मग त्यांची नजर रामरतीवर गेली.

रामरती ठेकेदाराची कामगार होती. रंगाआधी प्रत्येक बंपर द्रवात भिजवलेल्या कापडाने पुसण्याचे काम ती अकरा वर्षे करत होती, आणि तिने पुसल्यावरच स्वरूपा तपासणी करी. एका शुक्रवारी दहियाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"रामरती, सरसों का तेल लगाती है?"

"रात को लगाती हूँ साहब, घर पे. सुबह साबुन से धोके आती हूँ. ऊपर से दो-दो दस्ताने."

"बू तो आ रही है."

"बू तो बालों की है. बालों से बंपर थोड़े ही पोंछती हूँ."

दोघेतिघे हसले. दहियाजी हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, पण वरून त्यांना रोज फोन येत होते. "कल का दिन कर ले," ते म्हणाले. "सोमवार से ठेकेदार दूसरी भेजेगा."

शिफ्ट संपल्यावर बूट बदलण्याच्या खोलीत रामरती स्वरूपाच्या शेजारच्या बाकावर येऊन बसली. तिने हातमोजे काढले. तिच्या बोटांवरच्या भेगा मी पाहिल्या. डिसेंबरातल्या स्वरूपाच्या हातांहून त्या कितीतरी खोल होत्या.

"मैडम, आप तो शीशे से देखती हो," ती म्हणाली. "मेरे पोंछे बंपर पे आपको कभी कुछ दिखा?"

"नहीं. कभी नहीं."

"तो बोला क्यों नहीं?"

स्वरूपा बुटाची नाडी बांधत राहिली. एक महिन्यावर तिचे कायम होणे होते, आणि ज्यांचे मत त्यावर अवलंबून होते त्यांच्याशी वाद घालायचे धाडस तिला झाले नव्हते. घरी येईपर्यंत तिने मोबाइलमधून डोके वर काढले नाही. त्यात खड्ड्यांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत तिने शेजारी स्टीलची पट्टी ठेवली होती, कारण माप नसलेला फोटो तिला अर्धवट वाटे.

"काय बघतेयस एवढं?" बळवंतरावांनी विचारले. तिने सगळे सांगितले. त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. एक फोटो पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"हे खड्डे कुठेही विखुरलेले नाहीत, स्वरू. दोन ओळींत आहेत. आणि ओळींमधलं अंतर बघ."

"पंचवीस मिलिमीटर. थोडं जास्तच."

"मिलिमीटर तुझे. तीस वर्षं मी रोज हेच अंतर बघत आलोय. हा एक इंच आहे."

दोघांची नजर एकाच वेळी टेबलावर, माझ्याकडे वळली.

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा ड्रॉवरमध्ये जावेसे वाटले. मला सारे उमगले. बंपर वळणदार असतो, त्यावर माझा चौकोनी पाय पूर्ण टेकत नाही. खिडकीच्या समोरासमोरच्या दोनच कडा टेकतात. जिथे जिथे स्वरूपाने मला उभे केले, तिथे तिथे मी दोन ओळींची निशाणी सोडत होतो. धूळ शोधायला गेलेला मी स्वतःच डाग लावत होतो, आणि माझी काच वर पुसलेली, चकचकीत असल्यामुळे मला ते कधी दिसलेच नाही.

"पण कशाचा डाग?" स्वरूपा उठून उभी राहिली. "क्रीम लागलं असेल पाऊचमध्ये. पण या क्रीममध्ये सिलिकॉन नाहीये. मी वाचलंय. दहियाजींनी वाचलंय." तिने मला उचलून पुन्हा डबीवर धरले. मी पुन्हा तीच यादी दाखवली, अक्षर न अक्षर खरी.

सुमित्राबाई पीठ मळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"स्वरू, डबीत अजून थोडं आहे गं," त्या म्हणाल्या.

"थोडं म्हणजे?"

"त्या आधीच्या ट्यूबमधलं. अर्धी भरलेली ट्यूब, टाकून कशी द्यायची? त्याने तुला गुणही आला होता. मी कात्रीने कापली आणि सगळं खरवडून या डबीत घातलं. चमच्याने नीट एकजीव केलं."

"कधी?"

"तिळगूळ केले त्या दिवशी."

स्वरूपाने वही उघडली. संक्रांतीनंतरच्या त्या दोनच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह तसेच उभे होते. तिने खुर्चीत बसून उजव्या पानावर उत्तर लिहिले, "डायमेथिकोन."

तुमच्याही घरी हे होत असेल. संपत आलेला शाम्पू दुसऱ्या बाटलीत, उरलेले लोणचे नव्या बरणीत. त्यात वाईट हेतू नसतो, काटकसर असते आणि मायाही असते. पण मी केवळ डबीवर छापलेले वाचू शकतो. आत कोणी काय मिसळले, ते मला कळत नाही.

"आता काय करायचं?" सुमित्राबाई घाबरल्या होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन त्या समोर येऊन बसल्या. "हे बघ, डबी फेकून दे. भिंग घरी ठेव. सोमवारपासून खड्डे आपोआप थांबतील. महिनाभराचा प्रश्न आहे, पत्र हातात पडू दे. कुणाला कळतंय?"

"तेच तर, आई. सोमवारी रामरती नसेल आणि खड्डेही नसतील. मग सगळे म्हणतील, बघा, तिच्याच तेलाने होत होतं."

सुमित्राबाई हाताचे पीठ खरवडू लागल्या. बळवंतराव म्हणाले, "भिंग माझं आहे. सांग, म्हाताऱ्याचं जुनं भिंग होतं, त्याचाच दोष."

"आजोबा, भिंग तुमचं. बंपरवर ठेवलं कोणी?"

"मग मी येते तुझ्या फॅक्टरीत आणि सांगते साहेबांना," सुमित्राबाई एकदम म्हणाल्या. "माझ्या मुलीचं काही चुकलं नाही म्हणून."

"बिल्कुल नको!" स्वरूपाला त्या अवस्थेतही हसू आले. "आधी मला सिद्ध तर करू दे. अजून आपण नुसतं बोलतोय."

शनिवारी ती कात्रीने कापलेल्या ट्यूबचा रिकामा तुकडा, ती डबी, त्याच क्रीमची एक न उघडलेली डबी आणि मला घेऊन दहियाजींपुढे उभी राहिली. एक टाकाऊ बंपरचा तुकडा आणि अर्धा तास, एवढेच तिने मागितले. शिवाय रामरतीला तिथे बोलवावे, असेही सांगितले.

"उसे क्यों?" दहियाजींनी विचारले.

"सर, इल्ज़ाम उस पर है."

राखाडी थर चढलेल्या तुकड्यावर तिने पेन्सिलीने पाच चौकोन आखले. पहिला कोरा ठेवला. दुसऱ्यावर रामरती लावते तसलेच, येताना विकत आणलेले मोहरीचे तेल, तिसऱ्यावर नव्या डबीतले क्रीम, चौथ्यावर घरच्या डबीतले. पाचवा तिने माझ्यासाठी मोकळा ठेवला. मग रामरतीला म्हणाली, "अब पोंछो. जैसे रोज पोंछती हो." रामरतीने नव्या हातमोज्यांनी, प्रत्येक चौकोनाला वेगळे कापड घेऊन, सगळे पुसले. त्यानंतर पाचव्यावर स्वरूपाने मला उभे केले, माझे पाय न पुसता, रोज करते तसे. वर लाल रंग उडवला गेला आणि तुकडा भट्टीत गेला.

वीस मिनिटे वाट पाहायची होती. रामरती भट्टीच्या दाराकडे बघत होती आणि स्वरूपा तिच्याकडे.

तुकडा बाहेर आला. कोरा चौकोन आरशासारखा होता. तेलाचाही तसाच, कारण रामरतीने ते पुसून काढले होते. नव्या डबीच्या क्रीमचाही स्वच्छ. चौथा चौकोन खड्ड्यांनी भरला होता, सिलिकॉन पुसल्याने गेले नव्हते, उलट पसरले होते. आणि पाचव्यात दोन ओळी होत्या, एक इंचाच्या अंतरावर.

दहियाजींनी तुकडा प्रकाशात तिरपा धरून बराच वेळ पाहिला.

"मैडम, आप न बतातीं तो यह बात किसी को पता नहीं चलती."

"हाँ सर. इसीलिए बताई."

"समझती हो इसका मतलब? मुझे लिखना पड़ेगा."

"लिखिए."

रामरतीने कापड बादलीत टाकले. "ग्यारह साल," ती एवढेच म्हणाली. कोणाकडे पाहून म्हणाली नाही. पण दहियाजींनी टोपी काढून डोके खाजवले आणि तिथेच ठेकेदाराला फोन लावला. सोमवारी रामरतीच येणार होती.

स्वरूपाचे कायम होणे तीन महिने पुढे गेले. तिची चूक कागदावर आली, आणि ती कबूल केल्याचे दहियाजींनी त्याच कागदावर, खालच्या ओळीत लिहिले. वरच्या साहेबांनी कोणती ओळ अधिक ध्यानात घेतली, हे मला ठाऊक नाही. घरी सुमित्राबाईंनी दोन दिवस कसलीही डबी, बरणी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक नवीन डबी आणली आणि तिच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहिले, "यात कोणी काही घालू नये." खाली स्वतःची सही केली.

मला मात्र रंगखात्यात बंदी झाली. "यह शीशा अब अंदर नहीं आएगा," दहियाजी म्हणाले, आणि ते योग्यच होते. पण स्वरूपाने मला ड्रॉवरमध्ये परत पाठवले नाही. बूट बदलण्याच्या खोलीत, हात धुण्याच्या नळाशेजारी, एका साखळीने तिने मला टांगले. वर एक कागद लावला. त्यावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत, सिलिकॉनची दहा नावे लिहिली, शेजारी तीच नावे डबीवर छापतात तशी इंग्रजीत. आता लोक आपापल्या ट्यूब घेऊन येतात, नावे जुळवून पाहतात, भांडतात, एकमेकांची थट्टा करतात. थंडी आहे, साबण आहे, हातमोज्यांतला घाम आहे. हात सगळ्यांचेच खाजत होते. आजवर कोणी विचारले नव्हते, इतकेच.

पहिल्या दिवशी रामरती उशिरा आली, सगळे गेल्यावर. तिच्या हातात कोणतीही ट्यूब नव्हती. तिने मला उघडले आणि आपल्याच अंगठ्यावर उभे केले.

"हाय राम," ती हळूच म्हणाली. "यह मेरा हाथ है?"

स्वरूपा दारातून परत वळली. आपली पिशवी बाकावर ठेवून ती रामरतीच्या शेजारी उभी राहिली. "धोने के बाद पोंछती हो ना? पूरा मत सुखाना. थोड़ा गीला रहे, तभी लगाना."

"क्या लगाऊँ? वह तो बताओ."

"बैठो. पहले ठीक से देखते हैं."

त्या दोघी माझ्यावर वाकल्या, आणि मी जितके स्वच्छ दाखवता येईल तितके दाखवले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. भिंग घेऊन तुम्ही काहीही पाहा. त्वचा पाहा, कापड पाहा, डबीवरची बारीक अक्षरे तर जरूर पाहा. पण दुसऱ्याच्या कामातला डाग शोधायला निघालात, तर मला उचलण्याआधी आपले हात धुवा, आणि काचेइतकेच माझे पायही पुसा.